सहा वाचनांचं वेळापत्रक

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीला माहीत नाही, आणि तिच्यापासून मी दुसरं काही लपवलेलं नाही. माझ्या लेकीला अर्धं माहीत असावं, पण तिनं कधी विचारलं नाही आणि मी कधी तोंड उघडलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पहिल्याच चार ओळींना हात थांबला — म्हणजे तसं काही सोपं नाही.

मी मानवतला राहते. ब्लाऊज शिवते. वय सत्तेचाळीस. मालक मोटारी रिवाइंड करतात. मला मोजायची सवय आहे. नळ किती दिवसांनी आला, गॅसची टाकी कधी लावली, दुधाला किती वेळात उकळी येते — सगळं मशीनशेजारच्या कॅलेंडरवर टिपलेलं असतं. पाव इंचाची चूक मला चालत नाही. ही फुशारकी नाही. पुढं जे सांगणार आहे ते माझ्या हातून चुकून झालं असं तुम्हाला वाटू नये, एवढ्यासाठी सांगतेय. माझ्या हातून चुकून फार थोडं होतं.

गोष्ट माझ्या जावेची आहे. वनिता तिचं नाव, धाकट्या दिराची बायको, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. दोन घरं, मध्ये एक भिंत, पुढं एकच अंगण. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. लेकरं घरोघरून गोळा करून आणायची, खिचडी शिजवायची, झाडून काढायचं. मी तिचं काय केलं ते सांगायच्या आधी तिनं माझं काय केलं ते सांगते. हा क्रम मी मुद्दाम निवडलाय, हेही लक्षात असू द्या. ज्याला स्वतःची बाजू उजळ दाखवायची असते तो नेहमी इथूनच सुरू करतो, नाही का?

आठ वर्षांपूर्वी माझी ऋतुजा बारावीला होती. कला शाखा, त्यात मानसशास्त्र. निकालाच्या दिवशी आम्ही अंगणात शेवटच्या कुरडया घालत होतो. गल्लीतल्या सात बायका होत्या. दुपारी एक वाजता निकाल लागणार, आणि चांगला मोबाइल तेव्हा वनिताकडेच होता. ऋतुजानं तिला बैठक क्रमांक दिला आणि आत जाऊन दाराआड उभी राहिली. मला तिच्या पायाची बोटं दिसत होती.

वनितानं निकाल आधी मुलीला दाखवला नाही. मला दाखवला नाही. मोठ्यानं वाचला. एकेक विषय, एकेक आकडा, बाजारात भाव सांगावा तसा. "मराठी एकेचाळीस... इतिहास अडतीस... मानसशास्त्र — सत्तावीस! अगं बया, हे तर गेलं की!" आणि मग माझ्याकडं बघून हसत म्हणाली, "काय वो अक्का, गॅसची टाकी किती दिस चालली ते तुमी बरोब्बर सांगता. पोरीचाच हिशेब कसा काय चुकला?"

सातातल्या पाच बायका हसल्या. दोघी हसल्या नाहीत, त्यांची नावं मला आजही पाठ आहेत. हसलेल्या पाचांचीही आहेत. दाराआडची पायाची बोटं नाहीशी झाली.

मी साचा फिरवत राहिले. त्यानंतर मी चौदा कुरडया घातल्या.

ऋतुजा चार महिने घराबाहेर पडली नाही. तिचे बाकीचे सगळे विषय निघाले होते, नुसता एक राहिला होता, आठ मार्कांसाठी. पुन्हा बस म्हटलं तर ती भिंतीकडं तोंड करून निजायची. दोन वर्षांनी आम्ही तिचं लग्न केलं. गंगाखेडच्या पुढं राणीसावरगावला दिली, माणसं चांगली आहेत, तक्रार नाही. पण अंगणात ती सासरी जायला निघाली तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं कोण रडलं असेल? वनिता. तिच्या गळ्यात पडून रडली. मी बघत होते, आणि माझ्या मनात एकच वाक्य होतं. तुझी पाळी येऊ दे.

आता अभ्यासाचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच उभं आहे.

मी स्वतः लग्नाआधी अकरावीपर्यंत शिकलेली. लेक सासरी गेल्यावर घरात तिची पुस्तकं तशीच पडून होती. मी ठरवलं — आपणच द्यायची बारावी. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि तेच विषय घेतले, मानसशास्त्रासकट. लोकांना वाटलं, बाईला शिक्षणाची हौस आली. हौस कसली? मला त्या अंगणात त्याच विषयाचा आकडा वनिताच्या तोंडावर मारायचा होता. वय बेचाळीस. मशीन चालवायची, आणि शेजारी पुस्तक उघडं ठेवायचं.

माझ्या पेटीत माझं अकरावीच्या वर्षातलं एक पुस्तकही निघालं. त्यात आठवण कशी राहते आणि माणूस विसरतं कसं यावर एक धडा होता. बारावीच्या परीक्षेला त्याचा काही उपयोग नव्हता, पण मी तो धडा आधी वाचला. कापड फाडायच्या आधी कापडाचा स्वभाव बघून घ्यावा, तसं. त्यात होतं की नुसतं वाचून माणसाला आल्यासारखं वाटतं, पण आलेलं नसतं. मला पुस्तकावर विश्वास नव्हता. मी मोजून बघितलं.

एका धड्याचे दोन भाग केले. दोन्हींत वीस-वीस मुद्दे. पहिला भाग सहा वेळा वाचला, नुसता वाचला. दुसरा भाग दोनदा वाचला, मग पुस्तक मिटलं आणि काज करता करता एकेक मुद्दा मोठ्यानं स्वतःला सांगितला. जे आठवलं नाही तेवढंच पुस्तक उघडून बघितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुस्तक मिटून सांगितलं. चौथ्या दिवशी पुन्हा. सहा वेळा वाचलेला भाग लगेच विचारला तर वीसपैकी अठरा आले. फार छान वाटलं. आठ दिवसांनी तोच भाग विचारला, सहा आले. मिटून सांगितलेला भाग पहिल्या दिवशी तेराच आला होता, जीव मेटाकुटीला आला होता. आठ दिवसांनी पंधरा आले.

एकदा मोजलेलं माप मी खरं धरत नाही. तीन धड्यांवर केलं. आकडे थोडे इकडंतिकडं झाले, पण निकाल तोच. मग माझी रीत पक्की झाली. वाच, मीट, सांग, चुकलेलंच बघ, आणि मध्ये दिवस जाऊ देऊन पुन्हा सांग. प्रत्येक व्याख्येला आपल्या गल्लीतलं एक माणूस उदाहरण म्हणून लाव, कारण पेपरात प्रसंग देऊन विचारतात आणि तिथं नुसती व्याख्या कामाला येत नाही. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून उत्तर लिही. ही रीत सुरुवातीला त्रास देते, आपण अगदीच ढ आहोत असं रोज वाटायला लावते. पण टिकते.

मला मानसशास्त्रात चौऱ्याहत्तर पडले. पेढे गल्लीत वनितानंच वाटले. "आमच्या अक्का म्हंजी नुसती मशीन हाय!" असं सांगत फिरली. माझा आकडा तिला लागलाच नाही. तिला तर खुशी झाली होती. तुम्हीच सांगा, याहून मोठा अपमान कोणता?

म्हणून मग तीन वर्षांपूर्वी ती माझ्या दारात आली तेव्हा मला काय झालं असेल, याचा अंदाज तुम्ही करू शकता.

तिच्या अंगणवाडीतल्या सेविका शकुंतलाबाई पुढच्या सप्टेंबरात निवृत्त होणार होत्या. बारावी पास असेल तर बारा वर्षं राबलेल्या मदतनीस बाईचा विचार त्या जागेसाठी आधी होणार होता. वनितानं सतरा नंबर भरला होता, आणि विषय निवडताना मानसशास्त्र मुद्दाम घेतलं होतं. पुस्तकं घरात, आणि शिकवणारी भिंतीपलीकडं. "बाकीचं कसं बी करून काढते, अक्का. पर ते मानसशास्त्र माझ्या डोक्यात शिरंना. तुमी चौऱ्याहत्तर काढले. मला बी त्याच रस्त्यानं न्या की. लेकरांच्या मागं पळायचं वय ऱ्हायलं न्हाई आता माझं."

मी म्हणाले, "येत जा दुपारी."

कॅलेंडरचं एक जुनं पान उलटं केलं, पट्टी घेतली आणि तिला वेळापत्रक आखून दिलं. अगदी सुबक. एक धडा सहा वेळा वाचायचा. पहिल्या वाचनात व्याख्यांखाली लाल स्केचपेनची रेघ, दुसऱ्यात मुद्द्यांखाली हिरवी, तिसऱ्यात उदाहरणांखाली निळी. मग तीन वेळा नुसतं डोळ्यांखालून घालायचं. एक धडा पूर्ण संपल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही, आणि संपलेल्याकडं परीक्षेपर्यंत मागं वळायचं नाही. मला विचार करावा लागला नाही. हात आपोआप चालत होता.

तो कागद तिनं कपाळाला लावला.

डिसेंबर ते फेब्रुवारी, रोज दुपारी दोन ते चार, ती माझ्या मशीनशेजारी बसून वाचायची. वाचून झालं की लगेच मी विचारायचे. लगेच — हे महत्त्वाचं. तेव्हा तिला वीसात सतरा-अठरा यायचे आणि तिचा चेहरा फुलायचा. "यायलंय की वो अक्का!" मी म्हणायचे, "येणारच." आठ-दहा दिवसांनी तोच धडा मी सहज बोलता बोलता काढायचे, आणि कॅलेंडरवर बारीक पेन्सिलीनं आकडा टिपायचे. पाच. सात. चार. कधी तिलाच शंका यायची, तोंड पडायचं. मग मी काय सांगायचे? "आत साठलेलं असतं ते. पेपर हातात आला की वर येतं." मानसशास्त्राच्या पुस्तकाचा आधार देऊन सांगायचे. माझ्यावर तिचा विश्वास होता.

जानेवारीत एक गोष्ट झाली, ती मला सगळ्यांत नीट आठवते. मी काही कामानं अंगणवाडीकडं गेले होते. वनिता आणि शकुंतलाबाई पायरीवर तांदूळ निवडत होत्या, आणि वनिता बाईंना भावनांचा धडा सांगत होती. पुस्तक जवळ नव्हतं. "आता बघा बाई, तुमच्या सूनबाई तुमच्याशी गोड बोलत्यात, पर पाय आपटत जात्यात. म्हंजी तोंड एक सांगायलंय आन् अंग दुसरंच. ह्याला पुस्तकात नाव हाय." बाई हसून लोटपोट. "माझ्या सुनेला पेपरात घालतीस का गं भवाने!" आणि वनितानं ते नाव बरोबर सांगितलं, मग पुढचा मुद्दा, मग त्याच्या पुढचा. एक अडला तर डोळे मिटून आठवून काढला.

मी दारात उभी राहून मोजत होते. तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती आपली आपणच माझ्या रीतीवर येऊन पोचली होती.

आठ दिवसांनी मी तो धडा विचारला. वीसपैकी सोळा. माझ्या पंधराहून एक जास्त. तेही बोलता बोलता, तांदूळ निवडता निवडता.

त्या दिवशी मी तिला काय सांगितलं ते अक्षरशः लिहिते. "वनिता, अंगणवाडीत असल्या गप्पा मारत जाऊ नको. तेवढ्या वेळात एक वाचन होतंय. आणि बाईंच्या सुनेचं नाव डोक्यात बसलं तर पेपरात तेच लिहून येशील." ती खजील झाली. "खरंय वो अक्का, वेळ वाया चालला." दुसऱ्या दिवसापासून तिनं बाईंना सांगणं बंद केलं, आणि तांदूळ निवडतानाही पुस्तक मांडीवर उघडं ठेवून वाचायला लागली.

मे महिन्यात निकाल आला. बाकी सगळे विषय निघाले. मानसशास्त्रात एकतीस. चार कमी.

तुम्हाला ऐकायचं असेल की मला तेव्हा वाईट वाटलं. नाही वाटलं. तो आकडा मी मोठ्यानं वाचला नाही, कुणाला हसायला बोलावलं नाही — त्याची गरजच नव्हती. ती माझ्यापुढं बसून रडत होती, "अक्का, तुमी एवढा जीव लावला, मीच कमी पडले," आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं आत आत गार वाटत होतं. ती गेल्यावर मी मशीनवर बसले आणि एका बैठकीत एक ब्लाऊज शिवून काढलं. एकही टाका उसवावा लागला नाही.

इथं थांबले असते तर मी स्वतःला सांगू शकले असते की लेकीचा अपमान होता, रक्त तापलं होतं, आईचं काळीज. सांगतही होते. पण आता ते लिहिते, जे वर मी दोनदा टाळून पुढं गेले.

ते वेळापत्रक मी वनितासाठी बनवलेलं नव्हतं. ते ऋतुजाचं होतं.

ऋतुजा बारावीला असताना मीच तिला ते आखून दिलं होतं. सहा वाचनं, तीन रंग, मागं वळायचं नाही. तेव्हा मला काही माहीत नव्हतं. मला वाटायचं, सहा म्हणजे एकाच्या सहापट. पोर सांगायची, "आई, पुस्तक मिटलं की काहीच राहात नाही गं." मी म्हणायचे, "सहा झाली का? मग सातव्यांदा वाच." वर्षभर तिनं दुसरं काही केलं नाही. पुढं मी तिचं पुस्तक माझ्यासाठी उघडलं तेव्हा पानापानावर लाल, हिरवी, निळी रेघ होती, पट्टीनं ओढलेली, एकही वाकडी नाही. मी मापं करत गेले, सहाचे आणि पंधराचे आकडे आले, आणि एका दुपारी मला समजलं की पोरीचा हिशेब खरंच चुकला होता. माझ्याकडून.

म्हणजे अंगणात वनिता जे बोलली ते खरं होतं. तिला स्वतःला माहीत नव्हतं, ती नुसती तोंडाळ, हसवायला बोलली. पण खरं बोलली. आणि मी तिच्यावर सूड कशाचा घेत होते? लेकीच्या अपमानाचा की त्या खऱ्या वाक्याचा? माझ्या चुकीचा निकाल मला आधीच माहीत होता. सत्तावीस. तीच चूक मी पट्टीनं आखून दुसऱ्या बाईच्या हातात दिली. जी चूक मी एकदा न कळत केली होती, तीच दुसऱ्यांदा कळून केली. ऋतुजाला मी हे सांगितलेलं नाही. सांगायचं म्हणजे आधी तिची माफी मागावी लागेल, आणि ती मी मागितलेली नाही.

अजून एक राहिलं.

जुलैत फेरपरीक्षा होती. वनितानं फॉर्म भरला. सप्टेंबरच्या आत निकाल येणार होता, जागा अजून हातची गेलेली नव्हती. ती पुन्हा माझ्याकडं आली आणि मी पुन्हा "येत जा" म्हणाले. जूनमध्ये ऋतुजा आठ दिवस माहेरी आली होती. दुपारी ती आणि काकू शेजारी बसायच्या. तिसऱ्या दिवशी वनिता उठून गेल्यावर ऋतुजा मला हळूच म्हणाली, "आई, काकूला नुसतं वाचायला लावू नको गं. माझं तसंच झालं होतं. वाचताना सगळं येतंय वाटायचं, मिटलं की कोरं. तिला पुस्तक बंद करून सांगायला लाव ना. मी बसते तिच्यासमोर, मला सांगू दे तिला."

बघा, पोरीला कळलं होतं. न मोजता कळलं होतं. वर तिला तिच्या त्याच काकूला मदत करायची होती. म्हणाली, "ती वाईट नाही गं, तिला बोलायची अक्कल नाही एवढंच. नंतर माझ्याकडं येऊन रडली होती ती."

मी त्या वेळी नुसतं "बरं" म्हणाले असते तरी पुरलं असतं. चार मार्कांचा प्रश्न होता. पंधरा दिवसांत झालं असतं.

मी म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं? किती पडले होते तुला?"

एवढंच. आवाजही चढवला नाही. ऋतुजानं माझ्याकडं बघितलं — रागानं नाही, दुःखानंही नाही, नुसतं बघितलं, नवीन माणसाकडं बघावं तसं. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली. त्या अंगणात वनितानं सात बायकांसमोर जे केलं होतं, ते मी बंद घरात, दुसरं कुणी नसताना, माझ्या पोटच्या पोरीला केलं. का, तर माझा सूड मोडू नये म्हणून. ज्या मुलीसाठी म्हणून तो घेतला होता, तिलाच त्याच्या आड येऊ दिलं नाही. दोन दिवस आधीच ती गंगाखेडच्या गाडीनं परत गेली. तेव्हापासून ती येते, राहते, बोलते. अभ्यास, परीक्षा, मार्क हे शब्द मात्र माझ्यापुढं काढत नाही.

जुलैत वनिताला एकोणतीस पडले.

सप्टेंबरात शकुंतलाबाई गेल्या. त्यांच्या जागी सव्वीस वर्षांची एक मुलगी आली, हुशार आहे, चांगली आहे. वनिता तिला मॅडम म्हणते. मॅडम खुर्चीवर बसून नोंदी करतात, आणि वनिता गल्लीतून लेकरं गोळा करून आणते, एक कडेवर, दोन हाताला. गुडघा दुखतो म्हणून भिंतीला टेकून उठते. परीक्षेचं तिनं पुन्हा नाव काढलं नाही. पुस्तकं रद्दीत घातली.

मला पश्चात्ताप झाला का? खरं सांगू? रोज होत नाही. एखाद्या दिवशी ती मोठ्यानं हसते, तसंच, त्या दिवशीसारखं — आणि माझ्या आत अजून काहीतरी म्हणतं, बरी जिरली. तीन वर्षं झाली, ते गेलेलं नाही. जाईल असं मी तुम्हाला सांगणार नाही.

परवा अंगणात बायका बसल्या होत्या. कुणाच्या तरी सुनेला बारावी द्यायची आहे, तिनं कसा अभ्यास करावा, असा विषय निघाला. वनिता म्हणाली, "अक्काला विचारा. माझ्यामागं लय जीव आटवला त्यांनी, दोन्ही बारीला. पर माझ्या डोक्यात दगडं भरल्यात, त्येला त्या तरी काय करत्याल?" आणि हसली. स्वतःवरच. बायका हसल्या. या वेळी मी मोजल्या नाहीत.

तिचं डोकं चांगलं आहे. माझ्याहून चांगलं आहे, मी मोजून बघितलेलं आहे. हे जगात एकट्या मला माहीत आहे. मी तिथंच बसले होते, तिच्यापासून दोन हातांवर. मी काही बोलले नाही.